एकसारख्या बाटल्या

मी कॅन. प्लास्टिकचा, हिरवा, दोन लिटरचा, वर धरायला मूठ असलेला. बोलतोय म्हणायचं तर म्हणा, खरं म्हणजे कुरकुरतोय. मागच्या बाल्कनीत एका खोक्यात पडलोय. वरून ऊन, एका बाजूला फुटका मग, दुसऱ्या बाजूला दातांचे झिजलेले ब्रश. अशा संगतीत कोण गोड बोलेल?

माझ्या जन्माचं काही सांगण्यासारखं नाही. कारखान्यात गरम प्लास्टिकची नळी वरून लोंबत खाली आली, साच्यानं तिला दोन्हीकडून चावलं, आत हवा फुंकली, झालो. माझ्या मागून तसेच आणखी होत राहिले. साच्यात काहीतरी कण अडकला होता, त्यामुळे माझ्या मुठीखाली तांदळाच्या दाण्याएवढी गाठ राहिली. तपासणाऱ्या बाईनं ती बघितली, जांभई दिली आणि मला पुढे ढकललं. मग पोटात फरशी पुसायचं लिक्विड भरलं, छातीवर चकचकीत फरशीचं चित्र चिकटवलं आणि दुकानात उभा केला.

मला घेतलं या घरातल्या म्हातारीनं. लिक्विड संपलं तशी तिनं चित्र खरवडून काढलं, मला विसळलं आणि म्हणाली, "कॅन धड आहे, टाकायचा कशाला?" तेव्हापासून माझी दुसरी नोकरी सुरू झाली. अंगाच्या साबणाच्या झिजून पातळ झालेल्या चकत्या, कपड्याच्या वडीचे उरलेले तुकडे, सगळं ती गरम पाण्यात विरघळवायची आणि माझ्यात ओतायची. त्यानं बाथरूमची फरशी घासली जायची. या प्रकाराला पुनर्वापर वगैरे काही नाव असतं हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

म्हातारी गेली. म्हातारा उरला. तो लेथवर काम केलेला माणूस. लोखंडाला केसाएवढी धार राहिली तर अंगठ्यानं सांगायचा, पण घरात चहाचा कप कधी विसळला नव्हता. ती गेल्यावर सिंकसमोर जाऊन उभा राहिला. पहिले काही दिवस ताटांना साबण तसाच राहायचा. मुलगा म्हणाला, "बाबा, बाई लावू या कामाला." म्हातारा म्हणाला, "आणि मी काय करू? भिंतीला टेकून उभा राहू?" भांडी आणि बाथरूम ही म्हाताऱ्याची झाली. हळूहळू हात बसला. नंतर तर असा बसला की सूनबाई मैत्रिणींना सांगायची, "आमच्या बाबांनी घासलेल्या पातेल्यात तोंड बघून कुंकू लावावं."

मग त्याचे डोळे गेले. एकदम नाही. नजरेच्या मधोमध एक डाग बसला आणि पसरत गेला. समोरच्या माणसाचा चेहरा गेला, कडेनं खांदे तेवढे दिसायचे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो एकटाच जाऊन आला. चष्म्यानं हे सुधारायचं नाही, असं तिथे सांगितलं. घरी येऊन म्हणाला, "नंबर वाढलाय, बाकी काही नाही."

घरात कुणाला पत्ता लागला नाही. लागायला नको म्हणूनच तर तो खोटं बोलला. पत्ता लागला की आधी सुरी काढून घेतील, मग गॅस, मग सिंक, आणि शेवटी खुर्चीत बसवून हातात रिमोट देतील. शेजारच्या घरात राहणाऱ्या त्याच्या थोरल्या भावाचं असंच झालेलं त्यानं बघितलं होतं.

मला मात्र कळलं. कारण रोज तो मला शोधायचा. सिंकखाली हात घालायचा, मूठ सापडली की अंगठा खाली सरकवायचा, आणि गाठ लागली की त्याच्या खांद्यातला ताण उतरायचा. हा फरशीचा. वरच्या फळीवर चौकोनी बाटली ती भांड्यांची. बारीक मानेची ती हात धुवायची. बसकी, रुंद तोंडाची, ती काचा पुसायची. सगळा संसार त्यानं बोटांत पाठ केला होता. भांडी लखलखीत निघत होती, मग डोळ्यांची चौकशी करतंय कोण?

आता सूनबाई. मी तिला शिव्या घालणार आहे, पण आधी खरं ते सांगतो. बाई वाईट नाही. रोज सकाळी कामावर जाताना कचऱ्याची पिशवी तीच खाली घेऊन जायची. वाटेत शहराचा सगळा कचरा टाकतात ते मैदान लागायचं. तिथे आग लागली की बसच्या काचा बंद करूनही वास आत यायचा. एकदा घरी आली ती पर्स ठेवायच्या आधीच म्हणाली, "तिथे जळतंय ते आपलंच आहे." तिच्या मनानं घेतलं ते घेतलं. आणि तिचं म्हणणं चूक नव्हतं, हे मी प्लास्टिकचा असून सांगतोय.

झालं. बांबूचे ब्रश आले. कपड्याची पावडर कापडी पिशवीतून यायला लागली. नवऱ्याचे वापरून फेकायचे रेझर बंद होऊन स्टीलचा जड रेझर आला. केसांचा पातळ शाम्पू गेला आणि त्याची वडी आली. नवरा वडी हातात फिरवत म्हणाला, "ही डोक्याला घासायची? मी काय धुणं आहे?"

"घास गुपचूप," ती म्हणाली. "केस आहेत तोवर घासून घे. नंतर वडीही वाचेल."

इथवर ठीक होतं. मग आल्या त्या बाटल्या. काचेच्या, तपकिरी, डोक्यावर काळा पंप. सगळ्या एका उंचीच्या, एका जाडीच्या, फळीवर ओळीनं उभ्या केल्या की फोटो काढावा अशा. तिनं काढलाही. रिकाम्या झाल्या की कोपऱ्यावरच्या दुकानातून सुटं भरून आणायचं. भांड्यांचं, हाताचं, फरशीचं, काचेचं आणि अंगाला लावायचं तेल. पोटावर पांढऱ्या अक्षरांत नाव, मुंगी चालत गेल्यासारखं.

तिनं विचारलं होतं. हे मी लपवणार नाही. म्हणाली, "बाबा, वाचता येतंय ना? मोठं लिहून चिकटवू का?"

"मी काय निरक्षर आहे?" म्हातारा म्हणाला. "येतंय की."

तिथे दोन शब्द खरे बोलला असता तर. पण दोन शब्द बोलला असता तर सिंक गेलं असतं. त्यानं दुसरी वाट धरली. म्हणाला, "फरशीचं मात्र या कॅनमध्येच राहू दे."

"बाबा, प्लास्टिक नको म्हणून तर सगळं चाललंय."

"नवीन कुठे आणतोय? आहे तेच वापरतोय."

ती जरा अडखळली. मला वाटलं, वाचलो. पण तिनं मला उचलून उजेडात धरलं आणि नाक मुरडलं. "किती कळकट झालाय हा. बघा ना तुम्हीच."

बघा ना म्हणे. तो बघणार कशानं?

मी खोक्यात गेलो. चौकोनी गेली, बारीक मानेची गेली, बसकी गेली. काम करत असलेली, धडधाकट, एकही गळती नसलेली अख्खी फळी कचऱ्यात गेली, आणि याला म्हणायचं कचरा कमी करणं. भंगारवाला आला, रद्दी घेतली, लोखंड घेतलं. आम्हाला उलटंपालटं करून त्यानं परत खोक्यात टाकलं. "हे असलं मिक्स कोणी घेत नाही, ताई." सूनबाईला आम्हाला साध्या कचऱ्यात टाकवेना, कारण मग आम्ही त्या मैदानात गेलो असतो. म्हणून बाल्कनीत. समोरच्या खिडकीतून सिंक दिसतं, त्याच्यापुढे बाथरूमचं दार दिसतं. न बघून करतो काय?

पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्यानं कप हाताच्या साबणानं धुतले. मुलगा घोट घेऊन थांबला. "चहाला गुलाबाचा वास कसा काय?"

"सवय करा," म्हातारा म्हणाला. "नवीन पद्धत आहे."

मुलगा आणि सूनबाई दोघंही हसली. म्हातारा हसला नाही. त्या दुपारी घरात कोणी नसताना त्यानं प्रत्येक बाटलीचा एक थेंब तळव्यावर घेतला आणि नाकाला लावला. गुलाब तो हाताचा. व्हिनेगर ते काचेचं. भांड्यांच्याला वासच नाही. पण फरशीचं आणि अंगाचं तेल, दोन्हीला लिंबाच्या सालीचा वास. दुकान एक, वास एक. चिकट लागतं का बघावं, तर तेवढ्या वेळात थेंब घेऊन घेऊन हात इतके निसरडे झाले होते की काही कळेना. शेवटी त्यानं जागा पाठ केल्या. भिंतीकडून पहिलं फरशीचं, शेवटचं तेल.

आणि एका सुट्टीच्या दिवशी सूनबाईनं फळी पुसली. बाटल्या उतरवल्या, काच घासली, परत मांडल्या. मांडताना उलट्या बाजूनं मांडल्या. तिला काय फरक पडत होता? वाचता येत होतं.

जेवणं झाल्यावर म्हातारा बाथरूममध्ये शिरला. हातात फळीवरची भिंतीकडची पहिली बाटली. पंप दाबून दाबून फरशीवर टाकलं, गुडघ्यावर बसून ब्रशनं घासायला लागला. फेस येईना. पूर्वीचा म्हातारा तिथेच थांबला असता. पण सूनबाईनं त्याला बजावून ठेवलं होतं, "बाबा, या नवीन लिक्विडला फेस येत नाही, म्हणून जास्त ओतू नका. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे." ऐकलं त्यानं. फेसाची वाट न बघता घासत राहिला. कोपरे घासले, दाराची चौकट घासली, पाण्याचा हलका हात फिरवला आणि बाहेर आला. खूश होता तो. मी बघितलंय.

त्याच्यामागून सूनबाई आत गेली.

आवाज मोठा नव्हता. ओली गोणी पडावी तेवढाच. मग तिचं कण्हणं. मुलगा धावला, तोही दारात घसरता घसरता वाचला. तिला बाहेर आणून खुर्चीत बसवलं. उजवं मनगट भलतीकडेच वळलं होतं.

मुलगा आत जाऊन बाटली घेऊन आला. "बाबा, हे तेल आहे. तेल. वर लिहिलंय की."

म्हातारा हात पंचाला पुसत राहिला.

"लिहिलंय ना? काय लिहिलंय?" मुलानं बाटली त्याच्या तोंडासमोर धरली. "वाचा."

म्हाताऱ्यानं मान जरा तिरकी केली, कडेच्या नजरेनं जेवढं मिळेल तेवढं घ्यायला. काचेचा तपकिरी ठिपका सोडून काही मिळालं नसणार. तरी घसा साफ करून, शाळेत उभा केल्यासारखा, म्हणाला, "फरशी."

मुलाचा हात खाली आला. मनगट छातीशी धरून सूनबाईच म्हणाली, "बाबा, किती दिवसांपासून?"

तिचा हात प्लास्टरमध्ये गेला, आणि सिंक म्हाताऱ्याच्या हातून गेलं. तो म्हणाला, "मी घासतो. भांडी हाताला कळतात. माझा कॅन द्या परत, फरशीचं त्यात भरा, चुकणार नाही."

"बाबा, प्रश्न कॅनचा नाहीये," मुलगा म्हणाला.

कॅनचाच होता. पण खोक्यातल्याचं ऐकतंय कोण?

पुढचे दिवस बघण्यासारखे होते. तिला भांडी घासता येत नव्हती, मुलाला वेळ नव्हता, आणि म्हाताऱ्याला परवानगी नव्हती. म्हणून जेवण बाहेरून यायला लागलं. प्लास्टिकच्या डब्यांतून, प्लास्टिकच्या पिशवीतून, प्लास्टिकच्या चमच्यांसकट. एकदा वापरून फेकायच्या ताटल्या आल्या. फरशी पुसून फेकायचे ओले कागद आले. माझ्या खोक्याशेजारी पिशव्यांचा ढीग खिडकीपर्यंत चढला. सूनबाई बाल्कनीत यायची, ढिगाकडे बघायची आणि मान फिरवायची. तिच्यावर हसावं असं मला वाटत होतं. हसू आलं नाही. तिच्याही डोळ्यांदेखत तिचं सगळं बुडत होतं. घरात एकजण होता ज्याचे दोन्ही हात शाबूत होते, आणि तो खुर्चीत बसून होता.

प्लास्टर निघालं. ढीग गेला, तपकिरी बाटल्या परत कामाला लागल्या. मुलानं त्यांच्यावर मोठाली अक्षरं लिहून चिकटवली. म्हाताऱ्याला तीही दिसत नाहीत, पण चिकटवली.

आता म्हाताऱ्याला एकच काम उरलंय. स्वतःचा चहाचा कप धुवायचा. ते त्यानं मागून घेतलंय आणि सूनबाईनं दिलंय. तो चहा पितो, सिंकपर्यंत जातो, कप घासतो, बोट फिरवून बघतो, उपडा घालतो. खुर्चीत येऊन बसतो. तो बसला की सूनबाई येते, आवाज न करता कप उचलते, आणि नळाखाली परत घासते. प्रेमानंच करते. त्याला कळू नये म्हणून नळही बारीक सोडते.

डोळे गेलेत त्याचे. कान शाबूत आहेत. नळ सुटला की म्हातारा मान त्या बाजूला करतो आणि बंद होईपर्यंत तशीच ठेवतो.

परवा त्यानं कप धुतला नाही. खुर्चीशेजारी जमिनीवर ठेवला. कालही ठेवला. सूनबाईनं उचलला. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

माझं म्हणाल तर उन्हानं अंग ठिसूळ झालंय. मूठ एका बाजूनं तडकली आहे. आणखी थोडे दिवस, मग हात लावला तरी तुकडे पडतील. तुम्ही तुमच्या काचेच्या बाटल्या आणा, बांबूचे ब्रश आणा, साबणाच्या वड्या डोक्याला घासा. चांगलं काम आहे, करा. मला परत घ्या असंही म्हणत नाही, मी आता पाणी धरायच्या लायकीचा राहिलो नाही. पण घरातली फळी रिकामी करायच्या आधी एकदा दिवा घालवून सिंकसमोर उभे राहा, आणि हातानं चाचपून बघा काय काय सापडतंय. तुम्हाला नाही सापडलं, तर ज्याला रोज सापडत होतं त्याला विचारा. तो खोटं बोलेल. पुन्हा विचारा.