काठोकाठ भरलेली गाडी

आमच्या पोटोसीच्या खाणीत वजन कोणी करत नाही. गाडी काठोकाठ भरली की भरली. माझा कोंपाद्रे, म्हणजे माझ्या धर्मलेकीचा बाप, वेनांसियो दोर धरून पुढे पळायचा, मी मागून ढकलायचो. बाहेर पडताना रूळ जरा उतरतो. तिथल्या तिसऱ्या खांबापाशी मी गाडीला धरून मागे रेलायचो, की ती टोकाच्या ओंडक्याशी येऊन थांबायची. सोळा वर्षं तोच खांब.

दोन वर्षांपूर्वी ती थांबली नाही. ओंडका आणि गाडी यांच्यामध्ये वेनांसियो होता.

लोक म्हणाले, तीओ कोपला. तीओ म्हणजे खाणीच्या पोटातला आमचा शिंगवाला धनी. शुक्रवारी त्याच्यापुढे कोकाची पानं ठेवायची असतात, ती म्हणे वेनांसियोनं ठेवली नव्हती. त्याची बायको सातुर्निना तेव्हापासून मान खाली घालून चालते. दर शुक्रवारी नवऱ्याच्या वतीनं पानं पाठवते. आणि नेऊन ठेवतो कोण? मीच, निर्लज्ज.

काल त्यांची पोरगी नेलिदा वही घेऊन आली. बाप्तिस्म्याला मी तिला हातांवर धरलं होतं, म्हणून मला पाद्रिनो, धर्मबाप, म्हणते.

"पाद्रिनो, जोर तेवढाच लावला आणि वस्तुमान दीडपट झालं, तर काय होईल?"

"मला काय विचारतेस? मी आपला गाड्या ओढणारा गाढव."

"म्हणून तर विचारते. गाढवालाच ठाऊक असणार." हसली, अगदी बापासारखी. "वेग वाढायचा तो दोन तृतीयांशच वाढेल. थांबवतानाही तेच. जी गाडी सुटायला उशीर लावते, ती थांबायलाही लावते."

मी ताट बाजूला सारलं.

वेनांसियो गेला त्या दिवशी नवी शीर लागली होती, शिसं आणि चांदीची. गाडी नेहमीसारखीच काठोकाठ, पण पहिल्या धक्क्याला हलेचना. खांदा लावला तेव्हा कुठे सरकली. पुढून वेनांसियो म्हणाला, "जेवला नाहीस का रे?" मी म्हटलं, "जड आहे लेका, नशीब उघडलं." दोघंही हसलो. आणि मी मूर्ख, नेहमीच्याच खांबापाशी रेललो.

हे सगळं नेलिदाला सांगितलं. तिनं वही मिटली.

"तुमच्या खांद्याला कळलं होतं," ती म्हणाली.

"कळलं होतं, पोरी. खांबाच्या आधीच धरायला हवी होती."

"मग आईला सांगा. आत्ता."

सातुर्निना दारात बसून उद्याच्या शुक्रवारची पानांची पुडी बांधत होती. नेहमीसारखी तिनं ती माझ्यापुढे केली. "तीओला म्हणावं, माझ्या माणसाला क्षमा कर."

मी पुडी घेतली नाही. "कोमाद्रे, त्याचं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं." मग सगळं सांगितलं.

दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.