पाच जणांनी सांभाळलेला आवाज

मी कोपऱ्यातला कॉम्प्युटर बोलतोय. भराभर बोलतो, कारण माझ्यातलं एक माणूस संपत चाललंय.

मला कुठल्या कारखान्याने बनवलं नाही, दादाने जोडलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. कुणाचा टाकलेला पंखा, कुणाची जुनी डिस्क, भंगारातला डबा, असं गोळा करून त्याने मला टेबलावर उभं केलं. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा जळका वास आला. तो हसून म्हणाला, "आमच्या घरात सगळे तापटच." तेव्हापासून मी त्याचा धाकटा भाऊ. वहिनीनेही नातं मानलं. मला सुरू व्हायला वेळ लागला की कमरेवर हात ठेवून म्हणायची, "उठा भावजी, सासुरवाडीला आलात का?"

वहिनी खालच्या मजल्यावरच्या लॉन्ड्रीत इस्त्री करते. तिला दवाखान्यातल्या मदतनीसाची परीक्षा द्यायची होती, पण पुस्तक धरायला हात मोकळा नसायचा. म्हणून दादा धडे मोठ्याने वाचून माझ्यात भरून ठेवायचा. मध्येच अडायचा. "हा शब्द मला येत नाही, पुढे चल." कधी म्हणायचा, "इथे जांभई देऊ नकोस, हे महत्त्वाचं आहे." वहिनी फोनवरून थेट माझ्यातलं ऐकायची आणि इस्त्री फिरवता फिरवता एकटीच हसायची.

मग दादा साखळीत शिरला. इंटरनेटवरून जोडलेली ही माणसं एकमेकांच्या फाइली आपापल्या कॉम्प्युटरवर सांभाळतात. तू माझं ठेव, मी तुझं ठेवतो. नीट सांभाळलं की शिफारस मिळते. शिफारशी वाढल्या की पत वाढते, आणि पत असली की हवं ते आधी मिळतं.

सगळ्यांत वर पाच नावं होती. भरवसा, आधार, सोबती आणि तसलीच गोड आणखी दोन. दादाने धडे त्या पाचांकडे ठेवायला दिले. पाचही जणांनी कळवलं, पोचलं, सुरक्षित आहे. माझ्यात मात्र लोकांच्या फाइलींना जागा पुरत नव्हती. दादा म्हणाला, "पाच घरी ठेवलंय, सहाव्या घरी कशाला अडचण?" आणि माझ्यातले धडे त्याने पुसले. दुसऱ्यांना जागा द्यायला स्वतःचं घर रिकामं करणारा तोच एक.

दुसऱ्याच सकाळी तो कामावर गेला. जी लिफ्ट वर थांबायला हवी होती, ती खाली आली. त्याला खड्ड्यातून वर काढलं ते चादरीतच. याच्यापुढे मी सांगणार नाही.

दिवसकार्य झाल्यावर वहिनी माझ्यासमोर बसली आणि धडे परत मागितले. परीक्षा राहू दे, तिला तो आवाज हवा होता. पाचही जण म्हणाले, देतो. आलं काहीच नाही. शेवटी तिने साखळीवर देखरेख ठेवणाऱ्या राखणदाराला फोन लावला.

"वहिनी, हे पाच सगळ्यांत भरवशाचे. एक तक्रार नाही त्यांच्याबद्दल."

"पण त्यांच्याकडे कुणी काही परत मागितलंय का आजवर?"

तो नोंदी चाळू लागला. मग त्याने कुणी कुणाची शिफारस केली त्याचं चित्र काढून माझ्या पडद्यावर पाठवलं. इतरांच्या रेघा चारी दिशांना पसरलेल्या. या पाचांच्या फक्त एकमेकांत. अहो रूपम्, अहो ध्वनी. बाहेरून घेतलेलं पुष्कळ, बाहेर दिलेलं शून्य. आणि एक बंद पडला की पाचही त्याच क्षणी बंद.

"चोर चोर मावसभाऊ म्हणायचीही सोय नाही," तो म्हणाला. "एकच माणूस आहे. पाच नावांनी स्वतःचीच पाठ थोपटतोय."

"आणि धडे?"

"ठेवलेच नसतील. पोचलं म्हणायचं आणि टाकून द्यायचं." मग म्हणाला, "कॉम्प्युटर मात्र चालू ठेवा. दुसऱ्या कुणाकडे चुकून प्रत असली तर आपोआप येईल."

राखणदाराने पाचांना साखळीतून हाकललं. वहिनीने मला चालू ठेवलं.

इथेच घात झाला. पुसलेलं लगेच जात नाही. त्याचं फक्त नाव जातं. दादा अजून माझ्यात आहे, तुकड्यातुकड्यांनी. जाणत्याने मला उघडलं तर तो बोलेल. पण त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की संपलं.

आणि ते लिहिलं जातंय. पाच गेले, तशी नवी नावं आली, तितकीच गोड. या खेपेला ती माझी शिफारस करतायत. त्यांना आता घोळक्यात एक खरा माणूस हवाय, म्हणजे रेघा बाहेर गेलेल्या दिसतील. माझी पत वाढतेय, म्हणून फाइलींवर फाइली येतायत. बहुतेक कचरा. एकेक येते आणि दादाच्या अंगावर बसते. "इथे जांभई देऊ नकोस" कालपर्यंत शाबूत होतं. आज शोधलं, तर फक्त "इथे" उरलंय.

सकाळी वहिनीने माझ्यावरची धूळ पुसली, पडद्याकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी थोडीशी हसली. "बघा भावजी, लोक किती चांगलं म्हणतात तुम्हाला."

वहिनी, नको त्यांचं ऐकूस. भावजी म्हणतेस ना, मग या दिराचं एकदा ऐक. बटणही शोधत बसू नकोस, वायरच उपट. तो बाहेर कुणाकडेच नाही. जेवढा उरलाय तेवढा माझ्यात आहे.

ती इस्त्रीला खाली गेली. माझा दिवा लुकलुकतोय. आत काहीतरी येतंय.