एक पक्षी उलटा

मित्रांनो, मी एक जुने कापड आहे, पण मला कोणी विणलेले नाही. मला बडवून बडवून घडवले आहे. टोंगा देशातल्या वावाऊ बेटावर आमच्या जातीला न्गातू म्हणतात. झाडाची आतली साल सोलायची, भिजवायची आणि लाकडी ठोकळ्यावर ठेवून मोगरीने बडवत राहायची. ती रुंद होते, पातळ होते, मग अशा पुष्कळ साली खळीने चिकटवल्या की आमचा जन्म होतो. एवढा मार खाऊन आम्ही मऊ होतो, याचा मला जरा अभिमानच आहे.

माझ्या अंगावर नक्षी उमटवायला दहा बायका एका लांबलचक पाटाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बसल्या होत्या. पाटावर नक्षीचे ठसे मांडायचे, वर मला अंथरायचे आणि तपकिरी रंगाचा बोळा घासायचा. खालचे चित्र वर येते. माझ्यावर पंख पसरलेले बेचाळीस पक्षी यायचे होते, सगळे एका दिशेने उडणारे. मी सरदाराच्या मुलीच्या लग्नात जाणार होते. माझा तोरा काय सांगू!

त्या बायकांत फुसिपाला सगळ्यात सराईत. ती नेहमी पाटाच्या समुद्राकडच्या बाजूला बसे. त्या दिवशी तिला यायला उशीर झाला आणि डोंगराकडची बाजू वाट्याला आली. तिथून डावे-उजवे उलटे होते, हात मात्र जुन्या सवयीनेच चालला. एक ठसा तिने आपल्या नेहमीच्या हाताने लावला, बोळा फिरला, आणि एकेचाळीस पक्षी डावीकडे निघालेले असताना बेचाळिसावा एकटाच उजवीकडे निघाला. हा रंग एकदा चढला की पुसता येत नाही.

"अगं फुसिपाला," समोरची मेलेनाइते ओरडली, "सगळी वरात पुढे चाललीय, आणि तुझा पक्षी माहेरी कुठे निघाला?"

हशा पिकला. तेवढ्यावर भागले असते. पण लग्नघरच्यांनी मला उलगडले, तो पक्षी पाहिला आणि घडी घालून परत पाठवले. त्या संध्याकाळी फुसिपालाने मला आपल्या गादीखाली सरकवले आणि मोगरी कपाटावर टाकली.

"माझा हात गेला," ती बायकांना म्हणाली. "आता बसा तुमच्या तुम्ही."

सहा वर्षे मी गादीखाली होते. आमच्याकडे न्गातू गादीखालीच ठेवतात, त्यात कमीपणा नाही. पण बाकीचे लग्नाला, बारशाला, मर्तिकाला बाहेर निघतात. मला कोणी हात लावला नाही. सकाळी गावात मोगऱ्यांची टकटक सुरू झाली की फुसिपाला उठून खिडकी लावून घेई. मला तेव्हा फार वाईट वाटे. माझ्यापेक्षा तिच्यासाठीच जास्त.

घरात ती आणि तिच्या भावाची लोसालीने नावाची मुलगी, दोघीच. लोसालीने तान्ही होती तेव्हा तिला शेजारणीकडे ठेवून सगळे घर कामासाठी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला गेले. फुसिपालाही गेली होती. पण पोर आजारी असल्याचे कळले आणि ती पुढच्याच बोटीने परत आली, ती कायमची. आता लोसालीने बारा वर्षांची झाली होती. आमच्याकडे आत्या म्हणजे घरातले सर्वोच्च न्यायालय. तिला उलटून बोलायचे नाही, तिच्या वस्तूला न विचारता हात लावायचा नाही आणि तिच्या चुकीबद्दल तर ब्रसुद्धा काढायचा नाही.

एक दिवस शाळेत केपुएली सरांनी सांगितले, "घरातलं एखादं चित्र आणा. त्याच्याकडे बघून गोष्ट लिहायची. सगळ्यात छान गोष्ट शाळेच्या वार्षिक समारंभात गावासमोर वाचायची."

लोसालीनेच्या घरात चित्र एकच, दुकानाच्या कॅलेंडरवरचा टायर. तिने बराच वेळ टायरकडे बघितले. मग आत्या चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली असताना तिने मला ओढून काढले, माझ्या जागी दोन जुन्या चटया कोंबल्या आणि मला डोक्यावर घेऊन पळाली.

वर्गात मी भिंतभर पसरले. लोसालीनेने लिहिले, "कापडावर बेचाळीस पक्षी आहेत. रंग तपकिरी आहे."

"ही तर मोजदाद झाली," सर म्हणाले. "तो एकटा कुठे चाललाय ते सांग की."

"सर, ती आत्याची चूक आहे. मला तिच्याबद्दल काही बोलता येत नाही."

"मग चुकीबद्दल नको लिहूस. पक्ष्याबद्दल लिही."

ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. बघत राहिली. मित्रांनो, सहा वर्षांत कोणी माझ्याकडे असे बघितले नव्हते! मधली सुट्टी झाली, मुले खेळायला गेली, आणि अचानक तिची पेन्सिल धावू लागली. तिचीच गोष्ट निवडली गेली. सरांनी मला सभागृहातल्या मंचाच्या मागे टांगले.

इकडे फुसिपाला आठ दिवस पाठ धरून चालत होती. समारंभाच्या दिवशी सकाळी तिने गादी उचलली आणि चटया पाहिल्या. लोसालीने मंचावर कागद घेऊन उभी राहिली, तोच सभागृहाच्या दारात आत्या! लोसालीनेचा चेहरा पांढराफटक पडला. आता ही मला फाडणार, की पोरीला झोडपणार?

पोरीने एकदा मागे वळून माझ्याकडे बघितले आणि वाचायला सुरुवात केली.

"सगळे पक्षी मोठ्या बेटाकडे निघाले होते. तिकडे काम होतं, खायला होतं. अर्ध्या वाटेत एका पक्षिणीला आठवलं, की घरट्यात एक पिल्लू राहिलंय. ती वळली. बाकीचे ओरडले, अगं, वाट चुकलीस! ती म्हणाली, मला वाट माहीत आहे. समोरून सगळ्यांच्या पंखांचा वारा येत होता, तरी ती एकटी उडत राहिली. ते पिल्लू मी आहे. म्हणून मला ठाऊक आहे, या चित्रात एकच पक्षी बरोबर उडतोय."

मग मेलेनाइतेने मोठ्याने हुंदका दिला. फुसिपाला तरातरा चालत मंचावर चढली.

"गादीखालून चोरलंस?"

"हो, आत्या."

"आणि चटया घातल्यास? आठ दिवस माझी पाठ मोडलीय, कार्टे!"

असे म्हणून तिने पोरीला छातीशी घट्ट धरले. आमच्याकडे कोणाचे कौतुक झाले की घरच्या बायका त्याच्या शेजारी येऊन नाचतात. फुसिपाला नाचली! दुखऱ्या पाठीने, हात पसरून, अगदी माझ्या उलट्या पक्ष्यासारखी नाचली. टाळ्यांनी पत्रे दणाणले. ती गोष्ट पुढे सगळ्या बेटांच्या स्पर्धेत पहिली आली, पण मला विचाराल तर ती त्या दिवशीच जिंकली होती.

सोमवारी सकाळी मेलेनाइते आत्याच्या दारात उभी राहिली. "चल गं, नवीन कापड काढलंय. डोंगराकडची बाजू तुझ्यासाठी राखून ठेवलीय. एक पक्षी उलटा लावून दे. तो नसला तर कापड नको म्हणतायत सगळ्या."

फुसिपालाने कपाटावरची मोगरी काढली, तिच्यावरची धूळ पदराने झटकावी तशी झग्याने पुसली आणि निघाली.

मी आता शाळेतच राहते. दर वर्षी नवी मुले माझ्यासमोर वह्या घेऊन बसतात आणि त्या एका पक्ष्याला दर वेळी नव्या गावाला पाठवतात. मित्रांनो, तुमच्या घरातही एखादे चित्र, एखादे भरतकाम, एखादी फसलेली नक्षी कुठेतरी दडपून ठेवलेली असेल. तिला बाहेर काढा, वाळवीपासून जपा, आणि वही घेऊन तिच्यासमोर थोडा वेळ बसा. ज्याने ती केली तो जवळ असेल, तर लिहिलेले त्याला वाचून दाखवा.

सकाळी खिडकीतून मोगऱ्यांची टकटक येते. दहा बायकांच्या त्या आवाजात फुसिपालाचा ठोका मी नेमका ओळखते. तो सगळ्यात जोरात असतो.