अबोला, आवृत्ती दोन

चष्मेवाल्याच्या घरात अबोला काही नवा नव्हता. तीस वर्षांच्या संसारातला हा सतरावा. ही मोजदाद त्याच्या थोरल्या बहिणीची. ताई त्यांच्याकडेच राहायची आणि तिला प्रत्येक अबोला तारीख, कारण आणि शरणागतीसकट पाठ होता. आधीच्या सोळांपैकी पंधरा वेळा आधी तोंड उघडलं ते त्याने. उरलेल्या एका वेळी बायको आधी बोलली, पण तेव्हा तो दाढ काढून आला होता आणि त्याचा अर्धा जबडा बधिर होता, म्हणून तो विजय ताई धरत नसे.

सतराव्याला निमित्त झाला राउटर. बारा वर्षांचा, पॅसेजच्या भिंतीवर स्क्रूने आवळून बसवलेला. कंपनीने तो बनवणं केव्हाच सोडलं होतं आणि त्याच्या आतलं सॉफ्टवेअर सुधारून देणंही. वीस मिनिटं बरा चालायचा, मग मान टाकायचा.

“आता तरी फेकून द्या तो डबा,” बायको म्हणाली.

“जुनं झालं म्हणून फेकायला लागलो, तर या घरात उरेल काय?”

वाक्य सुरू झालं तेव्हा तो राउटरकडे बघत होता. संपलं तेव्हा, का कोण जाणे, नजर बायकोवर येऊन टेकली होती. तिने हातातल्या पेनाला टोपण लावलं. टक्. अबोला सुरू.

दुसऱ्याच दिवशी ताईने निरोप पोचवायला साफ नकार दिला. “‘तिला सांग’, ‘त्यांना सांगा’... मी काय भिंत आहे, तुम्ही दोन्हीकडून चेंडू आपटायला? तुमचं तुम्ही बघा.”

मग दोघं फोनवरून लिहायला लागली. तो पुढच्या खोलीत, ती स्वयंपाकघरात. घर तळमजल्यावर, दोन उंच इमारतींच्या बेचक्यात. आत फोनला सिग्नल म्हणून येत नसे. त्यामुळे हा सगळा अबोला चालायचा तो त्याच मरतुकड्या राउटरवरून, वीस-वीस मिनिटांच्या हप्त्यांनी.

त्यात बायको छापखान्यात मुद्रितशोधक. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका लाल शाईने काढून घरी यायची, आणि घरीही शाई संपायची नाही. त्याने लिहिलं, ‘दुध संपल’. उत्तर आलं: ‘दूध. दीर्घ. संपलं. अनुस्वार.’ बाकी दूध आणायला जावं लागलं ते त्यालाच.

सहाव्या दिवशी तिचा मोठा निरोप आला: ‘हा राउटर रविवारी संध्याकाळी सहाला नीट चालत असेल, तर मी आधी बोलेन. चालत नसेल तर तुम्ही. आणि सुरुवात ‘चुकलं’ या शब्दाने.’ स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी होता.

चष्मेवाला मनातून असा फुलला की त्याने त्या दिवशी एका गिऱ्हाइकाला चुकून काचा पुसायचं फडकं दोनदा दिलं. कारण मधल्या दिवसांत त्याने एक शोध लावला होता. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या अशा राउटरांसाठी जगभरातले हौशी लोक आपला वेळ घालून नवं फर्मवेअर लिहितात, म्हणजे डब्याचा आतला मेंदूच. आणि ते कुणीही उघडून बघावं, सुधारावं, फुकट घ्यावं असं खुलं ठेवतात. अशा मंडळींच्या एका चर्चेच्या पानावर त्याने नाव नोंदवलं. आपल्याच मॉडेलची फाइल शोधली. अट एकच होती: राउटरच्या पाठीवरच्या लेबलावर आवृत्तीचा आकडा असतो, तो बघून त्याच आवृत्तीची फाइल टाका.

पाठ भिंतीकडे. डबा आणि भिंत यांच्यात जेमतेम दोन बोटांची फट. स्क्रू गंजून भिंतीशी एकजीव झालेले. पण चष्म्याच्या दुकानदाराकडे काय नसेल? फ्रेम घालून बघायला गिऱ्हाइकापुढे धरतात तो छोटा आरसा त्याने दुकानातून आणला, फटीत सरकवला, टॉर्च मारला आणि वाचलं. पाच. इंग्रजी आकडा, ठसठशीत, डिजिटल घड्याळातल्यासारखा काटकोनी. आवृत्ती पाच.

रविवारी सकाळी त्याने लॅपटॉप वायरने राउटरला जोडला आणि पाचव्या आवृत्तीची फाइल आत सोडली. पडद्यावर सूचना आली, की ही फाइल या उपकरणाशी जुळत नाही. तरीही पुढे जायचं का? जो माणूस गिऱ्हाइकाला रोज चार-चारदा “परत एकदा वाचा बघू” म्हणतो, त्याने ‘तरीही’वर बोट ठेवलं.

पट्टी भरत गेली. शंभर टक्के. मग राउटरचे सगळे दिवे विझले आणि एकच लाल दिवा लागला, तो तसाच राहिला.

ताई पॅसेजमधून जाताना थांबली. “गेला?”

“नवं अंगात भिनतंय.”

“तुझ्या तोंडावरून गेल्यासारखा वाटतोय.”

स्वयंपाकघरातून बायको आली. आपला फोन तिने त्याच्या नाकासमोर धरला. पडद्यावर तिचा निरोप होता, ‘गॅस संपत आलाय’, आणि त्याच्या शेजारी न गेल्याचं घड्याळ. तिने फोन खिशात घातला आणि जाता जाता भिंतीवरच्या खऱ्या घड्याळाकडे बघितलं. अकरा.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी उभं राहिलं की फोनला सिग्नल मिळायचा. तिथे उभं राहून त्याने चर्चेच्या पानावर आपली कर्मकहाणी लिहिली. ‘रातवा’ असं नाव घेतलेल्या कुणीतरी पाच मिनिटांत उत्तर दिलं: ‘डब्याची वीट झाली म्हणायची, म्हणजे नुसता ठोकळा. घाबरू नका, विटेचा राउटर करता येतो. पण आवृत्ती नक्की पाच? परत बघा.’ खाली विटेवरच्या उपायाचं सविस्तर टिपण होतं. ते त्याने झेरॉक्सवाल्याकडे एका कागदावर, पाठपोट, छापून घेतलं.

घरी येऊन त्याने परत आरसा सरकवला. पाच. चष्मा पुसून बघितलं. पाच. चष्मा काढून बघितलं, तेव्हा काहीच दिसलं नाही, पण जे दिसलं नाही तेही पाचच असणार अशी त्याची खात्री होती.

“दिसतं तरी का तुला?” ताई म्हणाली.

“ताई, मी आख्ख्या गावाचे डोळे तपासतो.”

“गावाचे तपासतोस रे. तुझे कोण तपासतं?”

बायको केव्हा मागे येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने वाकून त्याच्या खांद्यावरून आरशात बघितलं आणि तिचे ओठ किंचित हलले. छापखान्यातल्या उमेदवारीची पहिली दोन वर्षं तिने शिशाच्या खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांनी जुळवलेला मजकूर तपासण्यात काढली होती, आणि ती अक्षरं उलटीच असतात. तिने छापखान्यातल्या एका प्रुफाच्या कोऱ्या पाठीवर लाल पेनाने भला मोठा, तसाच काटकोनी इंग्रजी दोन काढला. त्याच्या हातातून आरसा घेतला. कागद आरशासमोर धरला.

आरशात पाच होता.

कागदावर दोन, आरशात पाच. चष्मेवाल्याने तीनदा इकडून तिकडे मान फिरवली. ताईला गंमत कळायला क्षण लागला, आणि कळल्यावर तिला खुर्चीवर बसावं लागलं. “सबंध आयुष्य आरसे दाखवण्यात गेलं रे तुझं!” ती डोळे पुसत म्हणाली.

बायको हसली नाही. तिने फक्त त्या दोनभोवती लाल गोल केला, प्रुफात चूक दाखवतात तसा, आणि कागद त्याच्या हातात दिला.

आणखी एक फेरी टपालपेटीपर्यंत. दुसऱ्या आवृत्तीची फाइल आली. आता टिपणातला उपाय: राउटरचं बारीक बटण टाचणीने दाबून धरा, दाबलेलं असतानाच वीज चालू करा, दहा मोजा, सोडा. लाल दिवा भराभर लुकलुकला की वीट ऐकायला तयार झाली. लगेच फाइल द्या. आठाला सोडलं तर उपयोग नाही, बाराला सोडलं तर पहिल्यापासून.

सोपं होतं, पण चष्मेवाल्याच्या घरात नव्हतं. राउटरच्या विजेची वायर भिंतीतून आरपार स्वयंपाकघरात गेलेली आणि तिचं बटण फ्रिजच्या मागे. राउटरकडचं टोक काढून बसवावं, तर ते सैल होतं म्हणून त्याने चार वर्षांपूर्वी कायमच्या गोंदाने चिकटवून टाकलेलं. म्हणजे टाचणीपाशी एक माणूस आणि भिंतीपलीकडे दुसरा.

“ताई, हे टिपण घे आणि तू जा आत. मी ‘आता’ म्हटलं की बटण चालू कर आणि मोठ्याने दहा मोज.”

ताई गेली. “आता!” तो ओरडला.

“आता म्हणजे आत्ता, की तयारीचं आता?”

दुसऱ्यांदा बटण वेळेवर पडलं. “एक... दोन... तीन... अगं बाई, या फ्रिजमागे तो आपला चमचा! किती शोधला मी... सहा...”

“चार, पाच कुठे गेले?”

“मनात म्हटले.”

तिसऱ्यांदा ती अकरापर्यंत गेली, कारण एक ‘सात’ तिला पटला नाही. साडेचार वाजले होते. चष्मेवाल्याच्या बोटाला टाचणीचे तीन खळगे पडले होते. आणि स्वयंपाकघरात ताईच्या शेजारी, विळीसारखी गप्प, त्याची बायको बसून होती. तिला नुसतं ‘अगं, जरा मोजतेस का’ म्हटलं की काम झालं असतं. पण ‘अगं’ म्हणजेच बोलणं. ‘अगं’ म्हणजे सतराव्या अबोल्यातली शरणागती.

एवढ्यात आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फ्रिज सरकल्याचा आला. मग ताई पॅसेजमध्ये येऊन उभी राहिली. “मला खुणेने उठवलं. टिपण हातातून काढून घेतलं. आता तिथे ती आहे.”

“ती मोजणार? मोठ्याने?”

“मला काय विचारतोस? बोलली असती तर सांगितलं असतं.”

चष्मेवाल्याने टाचणी रोवली. भिंतीवर बोटाने एकदा टकटक केलं. पलीकडे बटण पडलं. आणि मग फ्रिजवर चमच्याचा ठोका. टण्. टण्. टण्. एका सेकंदाला एक, ना पुढे ना मागे. तिच्या ठोक्यांतही अनुस्वार चुकला नव्हता. दहावा ठोका पडला, त्याने टाचणी काढली, आणि लाल दिवा वेड लागल्यासारखा लुकलुकायला लागला.

“झाली! वीट ऐकायला लागली!” तो म्हणाला, अर्थात ताईला उद्देशून.

त्याने फाइल दिली. पट्टी भरली. डबा विझला, पेटला, विझला, आणि तीन मिनिटांनी हिरवा दिवा स्थिर झाला. चष्मेवाल्याने फोन काढला, वाय-फायची यादी उघडली. शेजारच्यांचं नाव होतं, वरच्यांचं होतं, समोरच्या शिकवणीचं होतं. आपलं नव्हतं. पुन्हा बघितलं. फोन बंद करून चालू केला. यादीत आणखी एक शेजारी वाढला. आपलं नाही.

साडेपाच. पावणेसहा. तो राउटरसमोर स्टुलावर बसून होता. हिरवा दिवा त्याच्याकडे बघत होता, तो दिव्याकडे. ताईने त्याच्यापुढे न मागता चहा ठेवला, आणि ताई न मागता चहा देते म्हणजे परिस्थिती गंभीर होती.

सहाला तीन मिनिटं असताना तो उठला, शर्ट खाली ओढला आणि स्वयंपाकघरात गेला. बायको टेबलाशी बसली होती. हातात ते टिपण.

“चुकलं,” तो म्हणाला.

तिने मान वर केली. नऊ दिवसांनी तिचा आवाज आला. “काय चुकलं?”

“आकडा.”

“आणि?”

“‘तरीही’ म्हणालो ते.”

“आणि?”

त्याने बोटावरचे खळगे चोळले. “आणि ते... फेकायला लागलो तर, ते. म्हणजे मी राउटरबद्दल बोलत होतो. पण बघितलं तुझ्याकडे. तसं बघायला नको होतं.”

“हं,” ती म्हणाली. तिने टोपण काढून पेन टेबलावर ठेवलं. “आता जा आणि ते वाय-फाय चालू करा.”

“ते चालत नाहीये ना! म्हणून तर...”

“चालतंय. नवं फर्मवेअर टाकलं की वाय-फाय सुरुवातीला बंदच असतं. लॅपटॉपवर जाऊन आपल्या हाताने चालू करायचं.” तिने टिपण उलटं करून पाठची बाजू दाखवली. “इथे लिहिलंय.”

चष्मेवाल्याने वाचलं. लिहिलं होतं. ठळक अक्षरात.

“म्हणजे डबा तासाभरापासून ठीक आहे?”

“ठणठणीत.”

“म्हणजे मी जिंकलो होतो?”

“मला तसंच दिसतंय.”

“तुला हे कधी कळलं?”

“फ्रिजमागे उभी होते ना. तुम्ही टाचणी रोवत होतात तेव्हा वाचलं.”

“अगं, मग सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगणार?” बायको म्हणाली. “अबोला होता ना.”

पॅसेजमधून ताईचा आवाज आला. “सतरा!”

त्याने लॅपटॉप पुढ्यात ओढला. चालू करायचं बटण शोधायला एक मिनिट पुरलं असतं. पण शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या बायकोचं नऊ दिवसांचं साठलेलं एकदम सुरू झालं होतं: गॅस, छापखान्यातल्या नव्या साहेबाचं शुद्धलेखन, त्याच्या शर्टाची कॉलर, आणि मध्येच पडद्यावर बोट ठेवून, “इथे ‘चालू’ असं पाहिजे, तुम्ही ‘बंद’वर काय दाबताय?” त्यामुळे वाय-फाय लागलं तेव्हा सात वाजून गेले होते, आणि ते लागल्याचं बराच वेळ दोघांच्याही लक्षात आलं नाही.