दाराबाहेरचा डाव

दोन हजार एक सालची बुद्धिबळ स्पर्धा, कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात. समोर इचलकरंजीचा प्रसेनजीत, बँकेत कारकून. चाल करायची, घड्याळाचं बटण दाबायचं आणि उठून दाराबाहेर जायचं, हे त्याचं दरवेळी चाललेलं. माझं टाळकं सरकलं. बाहेर नक्की कुणीतरी चाली सांगणारा उभा केला होता यानं!

पटावर नुसता गुंता झाला होता. माझा घोडा त्याच्या राजाजवळ जाऊन बसलेला. त्याचा बळी द्यावा की त्याला मागं घ्यावं, याचा हिशेब करायचा सोडून मी दाराकडंच बघत होतो. शेवटी माझं घड्याळ चालू असतानाच उठलो आणि त्याला पकडायला बाहेर गेलो.

तो एकटाच होता. भिंतीला टेकून, डोळे मिटून उभा.

"कुठं हाय तुमचा सांगणारा?" मी ओरडलो.

"कोण न्हाय की, पावणं."

आत आलो तर माझ्या घड्याळाचा लाल काटा पडलेला. वेळ संपली, डाव हरलो.

"मग बाहेर कशाला जात होता?"

"तुमचा घोडा बघवत नव्हता. त्याचा बळी दिला असता तर मी तिथंच मेलो असतो. तुम्हाला दिसलं न्हाय व्हय?"