उताराचा केक

आमचं स्वयंपाकघर तिरकं आहे. थट्टा नाही, खरोखर तिरकं. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे घर स्वतःच्या हातांनी बांधलं. पाण्याचा निचरा नीट व्हावा म्हणून स्वयंपाकघराच्या फरशीला मागच्या दाराकडे थोडा उतार द्यायचा होता. तो त्यांनी इतक्या हौसेनं दिला की आमच्याकडे सांडलेलं पाणी माणसाच्या आधी दारात पोचतं. जमिनीवर लिंबू ठेवलं तर ते घर सोडून जातं.

त्यामुळे आमच्याकडे सगळ्याला टेकू. टेबलाच्या दोन पायांना टेकू, कपाटाला टेकू, पिठाच्या डब्याला टेकू. ओव्हन मात्र मामंजींनी ओट्यातच चिणून बसवला, फरशीइतकाच तिरका, त्यामुळे तो सरळ करायची सोयच नाही. मी लग्न होऊन आले आणि पहिला केक केला, तो उजवीकडे उशीसारखा फुगलेला आणि डावीकडे पापुद्र्याएवढा. सगळे हसले. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण आमचं अंगण खरंच वाकडं होतं आणि मला नाचता येत होतं. दुसऱ्याच दिवशी मी पत्र्याच्या घड्या घालून बोटभर जाडीच्या पट्ट्या केल्या. केकचा डबा ओव्हनमध्ये ठेवायचा आणि उजव्या बाजूखाली पट्टी सरकवायची. केक सरळ! सत्तावीस वर्षं मी हे करते आहे. आता मेंदूला विचारावं लागत नाही, हात आपोआप करतो.

या सत्तावीस वर्षांत मी किती केक, किती बिस्किटं, किती टॉफ्या केल्या असतील देव जाणे. कुणाचा वाढदिवस, कुणाची मुलगी पास झाली, कुणाचा पाय मोडला, की निघाला माझा डबा. डबा रिकामा परत यायचा आणि सोबत एक ‘वा वा’ यायची. "तुमच्या हाताला काय चव आहे हो!" ऐकून ऐकून कान किटले. मला ती चव एखाद्या दारावर पाटी लावून, लोकांच्या समोर, माझं काम म्हणून करायची होती. बावन्न वर्षांत स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. आमचे हे म्हणायचे, "अगं, घरी काय कमी आहे?" घरी काही कमी नव्हतं. घरच कमी पडत होतं.

म्हणून चौकातल्या वाचनालयात चहाचा काउंटर रिकामा झाल्याचं कळलं तेव्हा मी पायातली चप्पल उलटी घालून धावले.

ग्रंथपालबाई उंच, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि बोलणं मोजून मापून. म्हणाल्या, "शनिवारी सकाळी आठला या. इथल्याच स्वयंपाकघरात करायचं. केक, बिस्किटं आणि काहीतरी गोड. अकराला चाळीस ताटल्या. कसं लागलं असं मी कुणाला विचारणार नाही. लोक तोंडावर गोडच बोलतात. मी परत आलेल्या ताटल्या बघते. एकाही ताटलीत काही उरता कामा नये."

"आणि उरलं तर?"

"तर नमस्कार. तुमच्या आधी दोघांना केला."

घरी येऊन हे मी धाकटीला सांगितलं. धाकटी म्हणजे माझी जाऊ, माझ्या धाकट्या दिराची बायको. लग्नाआधी ती औषधांच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे मीठ घालायचं तरी काट्यावर तोलते. माझं सगळं अंदाजपंचे. बारा वर्षं आम्ही एकाच ओट्यावर उभ्या आहोत आणि बारा वर्षं यावरून आमची जुंपते आहे. मी तिला ‘तराजूबाई’ म्हणते. ती मला ताईच म्हणते, पण ज्या सुरात म्हणते तो सूर मी ओळखते.

"ताई, मी येते मदतीला," ती म्हणाली.

"ये. पण मध्ये मध्ये करायचं नाही. हे माझं आहे."

हो, असंच म्हणाले. माझ्या तोंडाला कधीच टेकू नव्हता.

शनिवारी आठला आम्ही वाचनालयाच्या स्वयंपाकघरात उभ्या होतो. लहानशीच खोली, पण काय सांगू! चकचकीत फरशी, मोठा नवा ओव्हन, खिडकीतून थेट वाचनाची खोली दिसते. मी पिशव्या खाली ठेवल्या आणि त्या जिथे ठेवल्या तिथेच राहिल्या. पायाखालची जमीन सरकली म्हणतात, माझ्या पायाखालची जमीन पहिल्यांदाच थांबली होती. उगीचच माझी एक बाजू उंच वाटायला लागली.

बिस्किटं आधी झाली. लोणी, साखर, मैदा, चिमूटभर मीठ, बस्स. एकसारखी, सोनेरी, कडेला किंचित लालसर. त्यांच्या मधोमध लाल जॅमचा ठिपका द्यायचा होता, म्हणून जॅमची बरणी बाजूला काढून ठेवली. मग धाकटीनं दूध-साखर आटवायला घेतली, टॉफीसाठी. ते एकदा घेतलं की हात थांबवता येत नाही, नजर हलवता येत नाही. ती शेगडीकडे तोंड करून ढवळत बसली आणि मी केकचं पीठ चार लांबट डब्यांत ओतून ओव्हनमध्ये सरकवलं. दार लावलं. घड्याळात सव्वानऊ झाले होते.

दहाला दार उघडलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

चारही केक तिरके. डावी बाजू जाड, उजवी बारीक, कडक आणि गडद तपकिरी. मला कळेना. ओव्हन वाकडा आहे का? मी वाकून पाहिलं. डब्यांच्या उजव्या बाजूंखाली चार पट्ट्या होत्या, घरच्या. त्या डब्यांतच ठेवलेल्या असतात, तशाच आल्या, आणि माझ्या हातानं त्या काढून जिथल्या तिथे सरकवल्या होत्या. जित्याची खोड! सत्तावीस वर्षं मी वाकड्या अंगणात सरळ नाचले, आणि सरळ अंगण मिळालं त्या दिवशी मीच वाकडी झाले.

खाली स्टुलावर बसले. लोणी संपलं होतं. अंडी संपली होती. सगळं मोजून आणलं होतं, आणि मोजणारी मी नव्हे, धाकटी होती, म्हणून ते नेमकं मोजकंच होतं. खिडकीतून पलीकडे लोक यायला लागलेले दिसत होते. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं-मुली, निवृत्त मंडळी, वर्तमानपत्रासाठी भांडणारे दोन म्हातारे. डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्याचा भयंकर राग आला.

"चल," मी म्हटलं. "आवर. हात दाखवून अवलक्षण झालं. त्यांच्या ‘नमस्कार’आधी आपणच नमस्कार करू."

धाकटी टॉफीचं भांडं उतरवून आली. माझ्याकडे बघितलं नाही, केककडे बघितलं. दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, ‘तरी मी सांगत होते.’ ही बया पिशवीत हात घालून फूटपट्टी काढते! फूटपट्टी घेऊन केक करायला येणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

"इकडे पाच," ती म्हणाली. "तिकडे तीन. या दुसऱ्याला? पाच आणि तीन. चारही सारखेच, ताई. बेरीज करा."

"मला गणितं घालू नकोस हं आत्ता."

"करा तरी."

"आठ! पुढे?"

तिनं एक केक हातात घेतला, उलटा केला आणि दुसऱ्यावर ठेवला. जाड बाजूवर बारीक बाजू, बारीक बाजूवर जाड. उतारावर उतार. वरून तो पाटासारखा सपाट दिसत होता.

"दोन्हीकडे आठ," धाकटी म्हणाली.

मी बघतच राहिले. बारा वर्षं जिच्या तराजूला नावं ठेवली तिनं ताजव्यात तोलल्यासारखा केक माझ्यासमोर ठेवला होता. आणि तेवढ्यात वरचा केक हळूच घसरायला लागला.

"अगं सरकतोय! धर!" मी ओरडले आणि स्टुलावरून उठले. कारण हे मात्र माझं खातं होतं. उतारावर वस्तू कशी थांबवायची हे माझ्याइतकं कोण जाणतं? "जॅम दे इकडे. पातळ लावलास तर तो घसरगुंडीच करेल. आटवते. तू कडक कडांना साखरेचं पाणी लाव, लिंबू पिळून. भरपूर लाव, काट्यावर तोलू नकोस!"

मी बरणीभर जॅम कढईत ओतला आणि मोठ्या आचेवर आटवला, चमचा उभा राहीपर्यंत. बिस्किटांचा ठिपका गेला, जाऊ दे. गरम जॅम खालच्या केकवर थापला, वरचा उलटा ठेवला, आणि दोन्ही बाजूंना टेकू दिले: एका बाजूला साखरेचा डबा, दुसऱ्या बाजूला वाचनालयाच्या जुन्या मासिकांचा गठ्ठा. दुसऱ्या जोडीलाही तेच. जॅम निवेपर्यंत आम्ही दोघी चार हातांनी ते सगळं दाबून उभ्या होतो. शेजारी शेजारी, श्वास रोखून. बारा वर्षांत इतका वेळ आम्ही न भांडता उभ्या राहिलो नव्हतो.

अकराला पाच मिनिटं असताना टेकू काढले. केक हलला नाही. मी सुरी घेतली आणि पहिला काप केला.

पिवळ्याधमक कापात एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लाल रेघ गेली होती. तिरकी, धारदार, चमकणारी. असा केक मी आयुष्यात ठरवून केला नसता. कड चाखली. लिंबू, साखर, जॅम, आणि ती कडक बाजू मुरून इतकी छान झाली होती की मी धाकटीच्या तोंडात बळंच एक तुकडा कोंबला. तिनं डोळे मिटले आणि नुसतीच मान हलवली.

चाळीस ताटल्या गेल्या. एक काप, दोन बिस्किटं, एक टॉफी. आम्ही खिडकीच्या कडेला चोरासारख्या उभ्या राहिलो. एका मुलीनं पुस्तकातून डोकं न काढता काप तोंडात घातला, चावता चावता थांबली, आणि पुस्तक मिटलं. भांडणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकानं वर्तमानपत्र खाली ठेवलं, ते दुसऱ्यानं उचललंच नाही. दोघं काप उजेडात धरून रेघ बघत होते.

ताटल्या परत यायला लागल्या. ग्रंथपालबाई टेबलाशी उभ्या राहून एकेक रचत होत्या. एकोणचाळीस. कणही नाही, एका ताटलीवर तर बोट फिरवल्याच्या खुणा होत्या. आणि चाळिसावी त्यांच्या हातात होती. भरलेली. तिला कुणी हातही लावला नव्हता.

मी धावतच बाहेर टेबलाशी गेले, धाकटी मागोमाग.

"ही कुणाची?"

"माझी," त्या म्हणाल्या. "मी गोड खात नाही."

आता हे ऐकून गप्प बसेन तर ती मी कसली. "खात नाही तर चाळीस कशाला सांगितल्या?" मी म्हटलं. "नियम तुमचा. एकाही ताटलीत काही उरता कामा नये म्हणालात. आता एक तर ही खा, नाहीतर नियम मोडला असं कबूल करा!"

धाकटीनं माझा पदर ओढला. ग्रंथपालबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग तिथेच उभ्या उभ्या कापाचा कोपरा मोडला, तोंडात घातला. मग दुसरा. मग बसल्या. केक संपला, बिस्किटं संपली, टॉफी गालात गेली.

"सोमवारपासून काउंटर तुमचा," त्या गालातल्या टॉफीसकट म्हणाल्या. "आणि हा तिरका केक रोज हवा. कल्पना कुणाची?"

"ताईंची," धाकटी चटकन म्हणाली.

मी नुसती गप्प बसले असते तरी पुरे होतं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते समोर आलं होतं, आणि कुणीतरी ते माझ्या एकटीच्या ओंजळीत घालत होतं. पण सत्तावीस वर्षं फुकटची ‘वा वा’ खाल्ली होती. ही पहिली कमाईची होती, आणि ती मला चोरीची नको होती.

"खोटं बोलते ही," मी म्हटलं. "चूक माझी, अक्कल हिची. काउंटर दोघींचा. द्यायचा असेल तर तसा द्या."

ग्रंथपालबाईंनी कागद पुढे सरकवला. "इथे नावाला एकच ओळ आहे."

"मग दुसरी आखा. फूटपट्टी आहे आमच्याकडे."

मी माझं नाव आधी लिहिलं, थोरली आहे मी. मग पेन धाकटीला दिलं. तिनं आधी फूटपट्टी लावून दुसरी ओळ आखली. तिनं लिहिलं, माझ्याकडे बघितलं आणि भोकाड पसरलं. मला रडू यायच्या ऐवजी हसू आलं. असं हसू की थांबेचना, वाचनाच्या खोलीतली सगळी डोकी वर झाली. आमच्या डोक्यावर भिंतीवर हे मोठ्ठं लिहिलेलं होतं, शांतता राखा. ग्रंथपालबाईंनी एकदा त्या पाटीकडे बघितलं, एकदा आम्हा दोघींकडे, आणि उठून स्वयंपाकघरात गेल्या, उरलेल्या टॉफ्या शोधायला.