कोपरापर्यंतचं कवच

लग्न झाल्यावर आठवड्याभरात सासूबाईंनी मला दोन गोष्टी बजावल्या. त्यांच्या लेकावर आवाज चढवायचा नाही आणि तो कामाला निघाला की कवच म्हणायचं. पहिली गोष्ट मी महिनाभरही पाळली नाही. दुसरी अकरा वर्षं पाळली.

कवच म्हणजे तसा लांबलचक मंत्र. त्यात देवीच्या एकेका रूपाला एकेक अवयव राखायला दिलेला असतो. तू डोकं राख, तू डोळे राख, तू गळा, तू खांदे, असं करत पार पायाच्या अंगठ्यापर्यंत. ज्याच्यासाठी म्हणायचं त्याच्या अंगावर त्या त्या जागी बोटं टेकवत जायचं. मध्येच सोडायचं नाही, अशी सासूबाईंची सक्त ताकीद होती. जिथे थांबाल त्याच्या पुढचं अंग उघडं राहतं म्हणे.

आमचे हे पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात प्रेसवर असतात. पत्र्यावर वरून जड साचा आदळतो की झालं झाकण तयार. रोज सकाळी खांद्याला पिशवी लावून हे दाराशी मान खाली घालून उभे राहायचे आणि मी सुरू करायची. त्या दिवशी कोपरावर बोटं टेकवली आणि बघते तर यांच्या दुसऱ्या हातात मोबाईल. सामन्याचा स्कोअर बघत होते! माझं टाळकंच सटकलं.

"मी काय भिंतीशी बोलतेय? तुमचं तुम्हीच म्हणा पुढचं," असं म्हणून मी आत निघून गेले. हेही तणतणत गेले.

अकराच्या सुमारास फोन आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती.

कोपर झालं होतं, मनगट राहिलं होतं. पुढचे तीन महिने माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मनगट आणि बोटं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? दहा सेकंद! तेवढा राग मला गिळता आला नाही. पट्टी बदलताना, यांच्या शर्टाची बटणं लावून देताना माझी मान वर होत नव्हती. आणि हे कुणाला सांगायची सोयही नव्हती.

तीन महिन्यांनी एका रविवारी यांचे फोरमन घरी आले. उद्यापासून कामावर या, मशीन तेच आहे, असा निरोप होता. हे आंघोळीला गेले होते.

"वहिनी, एवढं करा," फोरमन चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "या वेळी तरी जाळीची तार सोडा म्हणावं."

"कसली तार?"

"मशीनपुढे लोखंडी जाळी असते. ती बंद केल्याशिवाय साचा खाली येत नाही. पण आमचे हे साहेब तिच्या स्विचला तार गुंडाळून जाळी उघडीच ठेवतात. झाकणं भराभर निघतात ना! मी सांगून सांगून थकलो. बोललं की म्हणतात, भ्यायचं ते तुम्ही भ्या, मला बायको कवच घालून पाठवते." फोरमन हसायला गेले आणि माझं तोंड बघून थांबले.

ते गेल्यावर हे टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले.

"अहो, तुम्ही जाळी उघडी ठेवायचात?"

"अकरा वर्षं ठेवली. काही झालं का?"

"झालं की!"

"ते त्या दिवशी," हे अगदी शांतपणे म्हणाले. "त्या दिवशी तू कोपरापाशी सोडलंस."

म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं. मी तीन महिने आतल्या आत जळत होते आणि हे बघत होते.

"मी तुला कधी बोललो का? एका शब्दाने तरी?" यांना खरंच वाटत होतं की आपण फार मोठं मन दाखवलं. मला रडूही आलं आणि यांच्या डोक्यात लाटणं घालावंसंही वाटलं.

सोमवारी हे दाराशी उभे राहिले. मोबाईल मुद्दाम कपाटावर ठेवला होता.

"आज नीट म्हण हं. पार अंगठ्यापर्यंत."

मी यांच्या कपाळापर्यंत हात नेला आणि खाली घेतला.

"नाही म्हणणार. आज नाही आणि उद्याही नाही."

"वेड लागलंय का? त्याच मशीनवर चाललोय मी!"

"म्हणूनच. आज तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत उघडे आहात. जाळी लावायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा."

यांचा चेहरा पांढराफटक पडला. हा माणूस घाबरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. दार आपटून गेले.

दिवसभर माझे ओठ आपोआप हलायला लागायचे आणि मी ते दाताखाली धरायची. फोन वाजला की आधी कारखान्याचा नंबर नाही ना ते बघायची. संध्याकाळी हे आले आणि दारातच दोन्ही हात पुढे केले. आठ.

"लावली होती?"

"लावली. दिवसभर लावली. दुसरं कोण होतं मला?"

त्याला आता दीड वर्ष झालं. आठाची आठ बोटं शाबूत आहेत. सकाळी हे पिशवी उचलतात आणि सरळ निघतात, मी ओट्यापाशीच असते. कवचाच्या निमित्ताने का होईना, मी रोज यांच्या गालाला, छातीला हात लावायची. आमच्यात तेवढंच उरलं होतं, हे ते बंद पडल्यावर मला कळलं. आता कधी जवळ गेलेच तर हे अंग चोरून घेतात.